लाईन खराब आहे, मी मधे बोलते

नीलाक्का,

बँकेचं काय ठरलं हे विचारायला तू नाहीस, म्हणून मी अजून कुणालाच काही सांगितलेलं नाही. घरी आई रोज विचारते. एक्स्चेंजमध्ये सगळ्याजणी विचारतात. सोमवारी बँकेत हजर व्हायचं आहे. नाही झाले तर ती जागा दुसऱ्या कुणालातरी जाणार. मी सगळ्यांना 'बघू' म्हणते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बघू काय बघू? बघून बघून डोळं जायची वेळ आली की." आणि मग आपलं पुन्हा जुंपलं असतं. ते भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस, ह्याचा मला राग आहे. रडू येतं ते वेगळं आणि राग येतो तो वेगळा. आज रागाचा दिवस आहे, म्हणून लिहायला बसले.

परवा रेस्टरूममध्ये सगळ्याजणी तुझ्यासाठी दोन मिनिटं उभ्या राहिल्या. देशमाने बाईंनी, आपल्या सुपरवायझर बाईंनी, तू किती कर्तव्यदक्ष होतीस ते सांगितलं. ह्याच बाई तुला आठवड्यातून एकदा तरी "नीलाबाई, ही बोलायची पद्धत नव्हे" म्हणून टोकायच्या! मला हसू आलं. असं नको तिथे हसू आलं की तुझ्याकडे बघायचं, ही माझी जुनी सवय. मी तू उभी राहायचीस त्या बाजूला बघितलं. तिथे साखर पेठेतून येणारी नवी मुलगी उभी होती. बिचारी घाबरली. तिला वाटलं, तिचंच काहीतरी चुकलं.

मी ह्या नोकरीला किती विटले होते, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. दुष्काळाच्या साली मी टेलिफोन खात्यात लागले, तेव्हा माढ्याला आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. सुरुवातीला डोक्यावर हेडफोन चढवताना माझा मलाच अभिमान वाटायचा. मग तो उतरला. समोर भोकाभोकांचा बोर्ड, एक वायर ह्या भोकात, दुसरी त्या भोकात. "नंबर सांगा." "बोला, तुमची पार्टी लाईनवर आहे." "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" बार्शी, पुणे, अकलूज, विजापूर, परत बार्शी. गावोगावचं ट्रंक कॉलवरचं सगळं बोलणं आमच्या हातातून जायचं आणि आमच्याशी मात्र कुणी बोलायचं नाही. बोललंच तर खेकसायचं. नव्या पेठेतला तो कापडवाला आठवतो ना? "ए बाई, झोपलीस का?" इथूनच त्याची सुरुवात असायची. संध्याकाळी घरी गेले आणि आईनं काही विचारलं की मी म्हणायचे, मला बोलायला लावू नकोस, तोंड दुखतंय. तोंड कसलं दुखतंय! दिवसभर इतकं बोलूनही त्यातलं एकही वाक्य माझं नसायचं, ते दुखायचं. बँकेच्या परीक्षेला मी बसले ती त्याच दिवसांत.

तू माझ्या डाव्या हाताला बसायचीस. माझ्या आईपेक्षा थोडी लहान, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, आणि डब्यात शेंगाचटणी असली तर सगळ्या रेस्टरूमला वास. पहिले काही महिने मी तुला 'अक्का, तुम्ही' म्हणायचे. एक दिवस तू म्हणालीस, "अक्का म्हणतीस आन् तुमी म्हणतीस? काय तरी एक ठरव की गं." तेव्हापासून तू झालीस. आणि एकदा कॉल चालू असताना मी मोठी जांभई दिली, तेव्हा हातातली कॉर्ड न सोडता तू म्हणालीस, "झाक ते तोंड. तितं दुधनीच्या पोस्टमास्तरला बी झोप यायली."

पण तुझी खरी गंमत लाईन खराब असली की सुरू व्हायची. जरा वारा सुटला की आपल्या लाईनी रुसायच्या. दुधनीचा माणूस आपल्याला ऐकू यायचा, पुण्याचाही यायचा. त्या दोघांना एकमेकांचं काही कळायचं नाही. मग आपण म्हणायचं, "लाईन खराब आहे, मी मधे बोलते," आणि ह्याचं त्याला सांगायचं, त्याचं ह्याला. आम्ही बाकीच्या सांगायचो, "पार्टी म्हणते, माल पोचला. पार्टी विचारते, गाडी कधी पाठवता." तू कधी 'पार्टी' म्हणाली नाहीस. 'म्हणते' पण म्हणाली नाहीस. तू सरळ तो माणूस होऊनच बोलायचीस. एका दमात आडत दुकानातला म्हातारा, पुढच्या दमात त्याचा रुसलेला जावई. "मी येणार न्हाय म्हणजे न्हाय!" असं तू एकदा बोर्डासमोर ठणकावून म्हणालीस आणि देशमाने बाई दारातच थबकल्या.

"नीलाबाई, कुठे येणार नाही?"

"मी न्हाय वो बाई, जावई."

बाईंना ते कधी पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. मी तुला विचारलं होतं, हे नाटक कशाला? तू म्हणालीस, "म्हणतो, विचारतो, असं बोललं की मधे कोणतरी बसलंय ते त्येला कळतंय. मग माणूस मोकळं बोलत न्हाय. आपण तितं न्हायच, असं बसायचं." मी म्हटलं, नसायचंच असेल तर मी घरीच बसते की, इथे कशाला येऊ? तू इतकी हसलीस की कुणाचातरी विजापूरचा कॉल तुटला.

मग एकदा दोघींची सुट्टी एका दिवशी आली आणि तू म्हणालीस, "चल, तुला आपला फोन दाखवते." मला वाटलं तुझं डोकं फिरलंय. फोन काय बघायचा, रोज उरावर असतो. पण तू तिकिटं काढून मोकळी झालीस आणि पॅसेंजरनं आपण तुझ्या माहेरी दुधनीला गेलो. घरी न नेता आधी तू मला पोस्टात नेलंस. ओट्यावर माणसं बसली होती, कॉल लागायची वाट बघत. काही सकाळपासून बसलेली. एकानं घोंगडीच अंथरली होती. त्यांच्यात एक म्हातारी होती, घडीचं इरकल नेसलेली, केसांना तेल लावून चापूनचोपून बसवलेले. तू तिला कानडीत काहीतरी विचारलंस, ती लाजली, मग तू मला मराठीत सांगितलंस, "मी म्हटलं, लग्नाला निघालीस का? तर म्हणती, पोराशी बोलायचं हाय, मळक्या लुगड्यात कसं बोलू?"

आत पोस्टमास्तरांनी फोन उचलला आणि गावभर ऐकू जाईल असं ओरडले, "हलो सोलापूर! सोलापूर!" ओट्यावरची सगळी माणसं उभी राहिली. मी पण उभी राहिले, का ते माहीत नाही. सगळे चिडीचूप. त्या शांततेत रिसीव्हरमधून बारीकसा आवाज आला, "नंबर सांगा." आपली विमल होती ती. मी तिचा आवाज ओळखला, आणि तिला जबर कंटाळा आलाय हेही ओळखलं. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. बघितलं असतंस तर मी तुझ्याशी भांडले असते.

म्हातारीचा कॉल लागला. तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि नुसतीच उभी राहिली. मग एकदम मोठ्यानं ओरडली, "ऊटा आतेनो?" जेवलास का? पलीकडून काहीतरी उत्तर आलं असणार. तिनं पुन्हा तेच विचारलं. पुन्हा तेच. तीन मिनिटं ती तेवढंच विचारत राहिली, आणि बाहेर आली ती इतकी खूष होऊन, की जसा काही मुलगा घरी येऊन जेवून गेला. तू पुढ्यातल्या शेंगा सोलत बसली होतीस. "झालं बघून? चल, जेवायला," म्हणालीस. तुझा भाऊ बाहेरगावी होता, वहिनीनं वाढलं. गरम भाकरी, झुणका आणि वर तुझं माहेरचं कौतुक. परतीच्या गाडीत तू झोपलीस. मी जागीच होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो अकलूजचा कॉल आला. तू तेव्हा जेवायला गेली होतीस, म्हणून तुला मी तो नंतर कितीतरी वेळा सांगितला. आता आणखी एकदा ऐक. साखर कारखान्यातला माणूस, अकलूजहून माढ्याला बोलत होता. बायको माहेरी बाळंत झालेली, वडील तिला पोस्टात घेऊन आलेले. लाईन खराब. मी म्हटलं, मी मधे बोलते.

तो म्हणाला, "तिला सांगा, गाळप चालूय, सुट्टी न्हाय."

'पार्टी म्हणते' माझ्या ओठावर आलं होतं. मला ती इरकल नेसलेली म्हातारी आठवली. मी म्हणाले, "गाळप चालूय, सुट्टी न्हाय."

तिकडून उत्तर आलं, "पोरगी झाली म्हणून येत न्हाई व्हय तुमी?"

अक्का, सोलापूरला आल्यापासून मी माढ्याची बोली घासूनपुसून टाकली होती. देशमाने बाईंना आवडायची नाही, आणि मलाही तिची लाज वाटायची. त्या दिवशी ती आपोआप आली. एका परक्या पुरुषाला मी विचारलं, "पोरगी झाली म्हणून येत न्हाई व्हय तुमी?" आणि ते विचारताना मला त्याचा खरोखर राग आला. तो मग म्हणाला, "खुळी का काय! ऐतवारी येतो. पोरीचं नाव काय ठिवलंस?" मी ते सांगितलं, 'खुळी का काय'सकट. ती म्हणाली, "तुमी आल्याबिगर कसं ठिवू?" आणि हसली. मग मी ते त्याला सांगितलं आणि तोही हसला. मला दोघांचं हसू ऐकू येत होतं. त्यांना एकमेकांचं येत नव्हतं, म्हणून मी मधे हसले, आधी तिच्यासाठी, मग त्याच्यासाठी. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती. 'वाढवायची का' विचारायचं मी साफ विसरले आणि देशमाने बाईंची बोलणी खाल्ली. घरी गेल्यावर आईला म्हटलं, "ऐतवारी येतो." आई म्हणाली, "कुठनं येतोस? काय झालंय तुला?"

काय झालं होतं ते मला आईला सांगता आलं नाही, पण तुला कळलं होतं. मला काम आवडायला लागलं होतं. इतकं साधं आहे ते, आणि तरी तेव्हा माझा विश्वास बसत नव्हता. बोर्ड तोच, खुर्ची तीच, सकाळी गिरणीच्या भोंग्याबरोबर निघणं तेच. पण फौजदार चावडीपाशी आले की माझे पाय आपसूक भराभर पडायचे. बोर्डावर दुधनीचा दिवा लागला की मला ओटा दिसायचा, आणि मी 'नंबर सांगा' म्हणताना सावरून बसायचे. लाईन खराब निघाली तर चक्क आनंद व्हायचा! कापडवाल्यानं "झोपलीस का?" म्हटलं तर मी म्हणायचे, "झोपले होते शेठ, तुम्ही उठवलंत, बोला." महिन्याभरात तो आधी "बाई, बऱ्या आहात का?" विचारायला लागला. घरी आई म्हणायची, हल्ली तू फार बडबडतेस. ह्या सगळ्याचं श्रेय मी तुला कधी दिलं नाही. आपल्यात तसं बोलायची रीतच नव्हती. आता देते आहे तर तू घ्यायला नाहीस.

आणि मग बँकेचं बोलावणं आलं. परीक्षा दिली होती हेच मी विसरले होते. मी तुला हसत हसत सांगितलं, आणि सांगितलं की मी जाणार नाही. मला वाटलं तू खूष होशील. तू हातातला घास खाली ठेवलास.

"जा," म्हणालीस.

"का?"

"हे बोर्ड जाणार हायत. मुंबई-पुण्याला बोटानं चकती फिरवली की फोन लागायलाय. उद्या हितं बी तेच. मग तू कुटं बसणार? माझं काय, मी घरी बसंन."

"जातील तेव्हा बघू."

"तवा कुणी विचारत न्हाय. आत्ता विचारायलेत."

मी हट्टाला पेटले. मला हे काम आवडतं, असं मी पहिल्यांदा कुणासमोर तोंडानं म्हणाले, ते तुझ्यासमोर. आणि तू काय म्हणालीस? "मला हितं कुणी विचारून बसवलं न्हवतं. मालक गेले, शिवा कडेवर, ही नोकरी मिळाली म्हणून बसले. दुसरं काय मिळालं असतं तर मी हिकडं फिरकले बी नसते. तुला निवडता यायलंय आन् तू हेच निवडतीस?"

ते मला फार लागलं. जिच्यामुळे मला ह्या खुर्चीत जीव लावावासा वाटला, ती म्हणत होती, मला ही खुर्ची नकोच होती. मी म्हटलं, "मग मला दुधनीला कशाला नेलंस?"

"रडकं तोंड करून बसायचीस म्हणून. दिवसभर माझ्या शेजारी बसतीस, बघवत न्हवतं."

एवढंच? मी ते खरं मानलं नाही, आणि आजही मानत नाही. पण त्या आठवड्यात आपण कामापुरतंच बोललो. दोघी शेजारी शेजारी बसून जगाची भांडणं मिटवत होतो आणि आपलं तसंच. मग तुझे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ म्हणून तू रजा टाकलीस आणि भावाकडे निघालीस. मी स्टेशनवर आले. तू खिडकीत बसलीस आणि पाणी मागायच्या आधी विचारलंस, "बँकेचं काय केलीस?" मी म्हटलं, वेळ आहे अजून, आधी बरी होऊन ये, मग भांडू. गाडी हलली तरी तू बोट नाचवत काहीतरी सांगतच होतीस. इंजिनाच्या आवाजात मला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

तुझी बातमी माझ्याच बोर्डावर आली, अक्का. सकाळची वेळ. दुधनीचा दिवा लागला, पोस्टमास्तरांनी पुण्याचा नंबर दिला आणि म्हणाले, लायटनिंग. सगळ्यात तातडीचा कॉल. लायटनिंग म्हटलं की आपल्याला कळतंच, कुणाच्यातरी घरी काहीतरी झालंय. मी विचारलं, पुण्याला कोण पाहिजे? ते म्हणाले, शिवानंद. तुझ्या मुलाचं नाव. मी पुण्याची कॉर्ड लावली.

पुणं लागलं. कारखान्याच्या ऑफिसातून शिवाला बोलवायला माणूस गेला. तो आला, "हलो, हलो" करायला लागला, आणि दुधनीहून तुझा भाऊ "शिवा, शिवा" करायला लागला. मला दोघांचं ऐकू येत होतं. त्यांना एकमेकांचं येईना. विमल रिकामी होती. मनात आलं, तिला बसवावं आणि आपण उठून जावं. पण विमल म्हणाली असती, 'पार्टी म्हणते, तुमची आई वारली.' मी बसून राहिले. म्हटलं, "लाईन खराब आहे, मी मधे बोलते." दोघेही "बरं" म्हणाले.

"शिवा, अक्का होद्लु," तुझा भाऊ म्हणाला. तेवढं कानडी तू मला शिकवलं होतंस. अक्का गेली.

"शिवा, अक्का होद्लु," मी म्हणाले. तुझा भाऊ तुला अक्का म्हणत होता, त्याची तू अक्काच होतीस. त्याच्या वतीनं मी तो शब्द घेतला आणि तो माझाच निघाला. त्या वाक्यात जे रडू आलं ते त्याचं होतं की माझं, मला आजही सांगता येणार नाही.

पुण्याहून मग, "मामा?" मी म्हणाले, "मामा?" आणि तुझा भाऊ रडायला लागला. रडणं पलीकडे कसं सांगायचं ते तू शिकवलं नव्हतंस.  मग तो मराठीत बोलायला लागला, मधल्या बाईला कळावं म्हणून असेल.

"मिळंल त्या गाडीनं ये. मातीला थांबतो आमी."

"मिळंल त्या गाडीनं ये. मातीला थांबतो आमी."

"लई दुखलं का तिला?"

"लई दुखलं का तिला?"

"न्हाय रे. पहाटं च्या मागितली, घेतली, आन् पडून ऱ्हायली. आनि एक हाय शिवा. काल सारखी म्हणत हुती, कुसुमला सांगा. टेलिफोनातली कुसुम. बँकेत जा म्हणावं, हट करू नको म्हणावं. तू सोलापूरला गेलास की तेवढं सांग तिला."

मी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. "टेलिफोनातली कुसुम. बँकेत जा म्हणावं, हट करू नको म्हणावं." माझं नाव मी माझ्या तोंडानं घेतलं, आणि पुण्याहून शिवानं विचारलं, "कोण कुसुम?"

ते पुढे सांगणं भाग होतं. "कोण कुसुम?" मी दुधनीला विचारलं.

"मला बी ठाऊक न्हाय. आसंल कोणतरी."

"आसंल कोणतरी," मी पुण्याला सांगितलं.

'मीच ती' असं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण तो त्या दोघांचा फोन होता. आणि मनात एक क्षुद्र विचारही आला, तो तुला सांगूनच टाकते: इतकी वर्षं शेजारी बसलीस, आणि घरी मुलाजवळ माझं नावसुद्धा काढलं नाहीस?

कॉल संपला. मी कॉर्ड काढली, पुढचा दिवा लागला होता, तिकडे हात नेला. तो हात देशमाने बाईंनी धरला. त्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला, स्वतःच्या अंबाड्यावर चढवला आणि माझ्या खुर्चीत बसून स्वतः "नंबर सांगा" म्हणाल्या. बोलायच्या पद्धतीबद्दल काही बोलल्या नाहीत.

तेव्हापासून मी तुझ्याशी मनात भांडते आहे. मरताना निरोप ठेवला की समोरच्याला उत्तर देता येत नाही, हे तुला ठाऊक होतं. हा सरळ सरळ डाव आहे. तुझा शब्द मोडला तर जन्मभर टोचणार, आणि पाळला तर त्या बँकेत बसून मी पुन्हा जांभया देणार. तू माझ्या भल्याचंच सांगत होतीस, हे मला कळतं. बोर्ड जाणार हेही खरं असेल. रात्रपाळ्यांनी आई काळजीत असते, तेही खरं. मागचा सगळा आठवडा मी जवळजवळ कबूल झाले होते. बँकेत जायचं म्हणून आईनं दोन नव्या साड्यासुद्धा काढून ठेवल्या आहेत.

काल शिवा आला होता. तुझ्या पगार-फंडाचं काय ते ऑफिसात आवरून, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, रेस्टरूमच्या दाराशी उभा राहून त्यानं विचारलं, "इथं कुसुम कोण?" मी त्याला बसवलं, चहा मागवला. त्यानं तुझा निरोप सांगितला. जसाच्या तसा, हट्टासकट. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकत राहिले. मग तो ओशाळून म्हणाला, "कुसुम म्हणजे कोण ते मला फोनवर कळलंच नव्हतं. मागनं मामीनं सांगितलं, ती दुधनीला आलेली माढ्याची ती. आई घरी तुमाला माढ्याची माढ्याचीच म्हणायची. सारखं तुमचंच चालायचं. माढ्याचीनं आज काय केलं, माढ्याची कशी हसली."

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, त्या दिवशी फोन नीट ऐकू आला का?

"लई चांगली होती लाईन," शिवा म्हणाला. "एरवी दुधनीचं काय कळत न्हाय, नुसती खरखर. त्या दिवशी मामा शेजारी बसून बोलायलाय असं वाटलं. ते एक बरं झालं बघा. आपल्या माणसाच्या तोंडनं कळालं. परक्या कुणी सांगितलं असतं तर माझं काय झालं असतं, सांगता येत न्हाय."

मी त्याला चहा पाजला आणि स्टँडपर्यंत सोडून आले.

तुलाच पहिल्यांदा सांगते आहे, अक्का, आईलासुद्धा अजून माहीत नाही. येताना वाटेत बँकेत गेले आणि येणार नाही म्हणून सांगून आले. तुला राग येईल, येऊ दे. सोमवारी माझी सकाळची ड्युटी आहे.

कुसुम